मानेतील धमनी आणि डोळ्यातील काचबिंदू



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने डोळ्यांच्या रोगावर बोलावे याचे काही जणांना नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि पाणीपुरवठा खात्यातल्या सभासदांच्या संगतीत. या विषयाकडेही आम्ही हौसेने वळलो नाही. आमच्या हातून एक चूक झाली, तिने आम्हाला इकडे ढकलले.

आमचा एक जुना सोबती पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. वय चौपन्न, विडीचा शौक जुना, रक्तदाब वाढलेला. एके दिवशी तो म्हणाला, "अण्णा, डाव्या डोळ्यावर मधूनच पडदा उतरल्यासारखा होतो. चार-पाच मिनिटांनी आपोआप वर जातो. उन्हातून आत आलो तर तो डोळा कितीतरी वेळ कोराच राहतो." आम्ही काय सांगितले? "चष्म्याचा नंबर वाढला असेल. कचेरीत बोलू नको, नाहीतर अनफिट ठरवतील." नोकरी वाचवण्याची आमची सवय! त्या सल्ल्याने सहा महिने गेले. मध्यंतरी त्याने एका ठिकाणी डोळ्याचा दाब मोजून घेतला. दाब बरोबर आहे, काळजी नको, असे सांगून त्याला परत पाठवले. पुढे डोळा लाल झाला, भुवईवर ठणका लागला आणि दृष्टी मंदावली. तेव्हा एका नेत्रवैद्याने डोळा तपासता तपासता त्याच्या मानेला नळी लावली. रोगाचे मूळ मानेत होते.

डोळ्याचा रोग आणि मूळ मानेत, हे कसे? आमच्या पाणीपुरवठ्याच्या भाषेत सांगतो, म्हणजे समजायला सोपे जाईल.

हृदय हा पंप. त्यातून निघालेल्या रक्ताच्या दोन मोठ्या वाहिन्या मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जातात. बोटाला नाडी लागते त्याच या कॅरॉटिड धमन्या. हे नाव गुंगी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. त्या दाबल्या की माणसाला ग्लानी येते, हे ग्रीकांच्या ध्यानात आले होते. कंठमण्याच्या वरच्या काठाच्या सुमारास प्रत्येक धमनीला दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा कवटीत. कवटीत गेलेल्या फाट्याची पहिली मोठी शाखा डोळ्याला जाते. म्हणजे डोळा हे मेंदूच्याच लाइनीवरचे नळकनेक्शन आहे. एवढे लक्षात राहिले तरी पुढचे निम्मे कोडे सुटते.

आता डोळ्याकडे येऊ. डोळ्यात रक्ताखेरीज आणखी एक प्रवाह आहे. आतल्या एका पट्ट्यातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत पाझरतो आणि बाहुलीतून पुढे येऊन कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निचरा होतो. आवक आणि निचरा यांचा मेळ असला म्हणजे डोळ्याचा दाब साधारणतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान राहतो. निचरा तुंबला की दाब चढतो आणि डोळ्यामागच्या मज्जातंतूचे धागे मरू लागतात. हे धागे सुमारे दहा-बारा लाख असतात, आणि मेलेला धागा परत येत नाही. यालाच काचबिंदू म्हणतात. मोतीबिंदूत गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते, काचबिंदूत येत नाही. आमच्या वस्तीत अजूनही लोक दोन्ही बिंदू एकच समजतात आणि "पिकू द्या, मग काढू" म्हणतात. याने फार घात होतो.

परंतु काचबिंदू म्हणजे केवळ वाढलेला दाब, ही समजूतही अपुरी आहे. रक्ताला डोळ्यात शिरताना आतल्या दाबाविरुद्ध शिरावे लागते. बसलेल्या माणसाच्या डोळ्यापाशी रक्ताचा सरासरी दाब साठाच्या आसपास आणि डोळ्याचा पंधरा धरला, तर पोषणासाठी पंचेचाळीस उरतात. पुढून पाणी कमी दाबाने आले, तर टाकी कितीही ठीक असली तरी शेवटच्या घराला धार लागत नाही, हे आमच्या कोणत्याही व्हॉल्व्हमनला विचारा.

मानेतल्या धमनीचा फाटा फुटतो तिथे चरबीचा आणि चुन्याचा थर बसतो. तंबाखूचा धूर, रक्तदाब, मधुमेह आणि वय ही त्याची कारणे. गंमत अशी, की व्हॉल्व्ह निम्मा बंद केला तरी नळाच्या धारेत फारसा फरक दिसत नाही. धमनीचेही तसेच आहे. शिवाय मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे आहे. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली त्याचे वर्णन केले. एका बाजूचा पुरवठा अडला तर दुसऱ्या बाजूचे रक्त त्यातून फिरून येते. म्हणून एका बाजूची धमनी पूर्ण बुजूनही ज्यांच्या डोळ्याला काही झालेले नाही अशी माणसे असतात. डोळ्याची खरी उपासमार होते ती बहुधा अरुंदपणा नव्वद टक्क्यांवर गेला आणि फिरून येणारा पुरवठाही तोकडा पडला म्हणजे.

अशा उपाशी दृष्टिपटलाचे वागणे आम्हाला फार ओळखीचे वाटते. ज्या चाळीला अधिकृत पाणी पोहोचत नाही ती काय करते? मिळेल तिथून अनधिकृत जोड घेते. त्या नळ्या गटारावरून, गटारातून जातात आणि शेवटी गटारच तुंबते. दोष चाळीचा नाही. पाणी न पोहोचवणाऱ्यांचा आहे. तहानलेले दृष्टिपटल वीईजीएफ नावाचे एक द्रव्य सोडते आणि त्याच्या हाकेने नव्या रक्तवाहिन्या फुटतात. हे द्रव्य नेपोलिओने फेरारा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली वेगळे काढून ओळखले. या नव्या वाहिन्या कच्च्या आणि गळक्या असतात. बाहुलीभोवतालच्या रंगीत पडद्यावर त्या पसरतात, त्यांच्याबरोबर एक पातळ पापुद्रा येतो आणि निचऱ्याची जाळी झाकून टाकतो. यातून जो काचबिंदू होतो तो फार खडतर असतो. अशा काचबिंदूची मोठी कारणे म्हणजे मधुमेह आणि दृष्टिपटलाच्या शिरेतली गुठळी; त्यांच्याखालोखाल मानेतल्या धमनीचा क्रमांक लागतो.

मग आमच्या सोबत्याचा दाब पहिल्यांदा बरोबर कसा भरला? इथे हा रोग चांगल्याचांगल्यांना चकवतो. द्रव पाझरणारा पट्टाही त्याच रक्तावर जगतो. तो उपाशी राहिला की द्रव कमी तयार होतो. निचरा तुंबलेला, पण आवकही आटलेली. म्हणून आकडा सरळ दिसतो, कधी कमीही भरतो. उलट मानेची धमनी मोकळी केली की पट्टा पुन्हा कामाला लागतो आणि दाब एकदम चढू शकतो. नेत्रवैद्याने हे आधीच बजावले होते, आणि तसेच घडले.

या ज्ञानाचा इतिहास फार जुना नाही. डोळ्यावर क्षणिक पडदा येणे आणि मानेतली धमनी बुजणे यांचा संबंध माँट्रियलच्या मिलर फिशर यांनी १९५१ साली मांडला. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात १९५४ साली अरुंद झालेली धमनी कापून जोडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या हॉलेनहॉर्स्ट यांनी १९६१ साली दृष्टिपटलाच्या वाहिन्यांत अडकलेले चकचकीत कण दाखवून दिले. मानेतल्या थराचे ते कपचे होत. १९६३ मध्ये त्यांनीच कर्न्स यांच्याबरोबर रक्त तुंबून मंदावलेल्या दृष्टिपटलाचे वर्णन केले.

मात्र कोणी घाबरून जाऊ नये. नेहमी आढळणारा काचबिंदू मानेच्या धमनीमुळे होत नाही. काचबिंदूच्या प्रत्येक रोग्याने मान तपासत फिरण्याचे कारण नाही. दाब वाढलेला नसतानाही मज्जातंतू झिजतो असा एक प्रकार आहे. जर्मन नेत्रवैद्य ग्रेफे यांच्या काळापासून, म्हणजे १८५७ पासून, त्याची चर्चा चालू आहे. त्यात अपुऱ्या रक्तपुरवठ्याचा हात असावा असे बरेच जण मानतात, परंतु त्यात मानेच्या धमनीचा वाटा किती यावर एकमत नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांनी रात्री दाब फार उतरत असेल तर अशा डोळ्याला ते बाधते, एवढे डॉक्टरांना विचारून घ्यावे. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

विचारायला जायचे ते केव्हा? एका डोळ्यावर पडदा येऊन गेला, तर त्याच दिवशी. तो परत गेला म्हणून संकट टळले असे नाही. डोळा मेंदूच्या लाइनीवर आहे हे वर सांगितलेच. आज कपचा डोळ्यात गेला, उद्या मेंदूत जाईल आणि अर्धांगवायू होईल. अशी सूचना मिळालेल्या आणि धमनी सत्तर टक्क्यांहून अधिक अरुंद असलेल्या रोग्यांचा मोठा अभ्यास १९९१ साली अमेरिका-कॅनडात प्रसिद्ध झाला. केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्या बाजूचा झटका आला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. आज औषधे सुधारली आहेत, तरी घाई करण्याचे कारण तेच आहे. मानेची सोनोग्राफी दुखत नाही आणि थोड्या वेळात होते. अशा रोग्याचे हृदयही तपासावे लागते, कारण थर एकाच ठिकाणी बसून राहत नाही.

आमच्या सोबत्याच्या मानेची शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात वीईजीएफला आवरणारे इंजेक्शन दिले, लेसर केले, दाब उतरवणारे थेंब चालू झाले. अर्धांगवायू टळला. डाव्या डोळ्याची दृष्टी गेली ती गेली; त्या डोळ्याने आता त्याला फक्त हात हललेला कळतो. आम्ही त्याला गप्प बसवले नसते तर किती वाचली असती, हे नेत्रवैद्याला विचारण्याचे धैर्य आम्हाला अजून झालेले नाही.

आणि ज्या भीतीपोटी आम्ही गप्प बसवले ती भीतीही पोकळ निघाली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचे २० वे कलम असे आहे, की सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. १९९५ च्या कायद्यातही अशी तरतूद होती. सभासदांना कायदे समजावून सांगणारे आम्ही, आणि ऐन वेळी आम्हालाच ते आठवले नाही! पुढे अर्ज केला, पाठपुरावा केला. आता तो पंपिंग स्टेशनवर नोंदवही ठेवतो. विडी सुटली आहे. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "माझ्या उजव्या डोळ्याचा दाब मी वेळच्या वेळी बघून घेतो. अण्णा, तुम्ही कधी मोजला?" आम्ही मोजला नव्हता. दुसऱ्या दिवशी गेलो. आकडा १८ आला, आणि आम्ही न सांगता डॉक्टरांनी आत दिवा टाकून मज्जातंतूही पाहिला.