कवंडळाचा उपयोग काय?

चवथीच्या तोंडावर गोव्यात डिचोलीच्या माटोळी बाजारात लोक चक्क पैसे मोजून कवंडळं घेतात. लालभडक, देखणं फळ, पण कडू इतकं की कुणी तोंडाला लावत नाही. तरी गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी चौकटीत, म्हणजे माटोळीत, नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन यांच्या शेजारी ते हवंच. पेडण्यातही तेच. नारळ पुढे पोटात जाईल. कवंडळ नुसतं बघायचं.

बिनकामाची वस्तू मुद्दाम मांडायची ही युक्ती व्हिडिओ गेमवाल्यांनाही सापडली आहे. जपानच्या ‘शेनमू’ (१९९९) या खेळात ऱ्यो हा तरुण वडिलांच्या खुन्याच्या मागावर आहे. आणि मध्येच काय करतो? दुकानापुढच्या यंत्रात १०० येन टाकून चिमुकली खेळणी काढतो! घरच्या इने-सान रोज ५०० येन देतात, त्यातले हे पैसे. त्या खेळण्यांनी खुनी सापडत नाही. हातात घेऊन फिरवून बघायची, झालं.

मग ती ठेवायची कशाला? खेळातल्या किल्ली, औषध, हत्यार या वस्तू खेळाडूसाठीच मांडलेल्या असतात. त्या दिसल्या की जग रचलेलं आहे हे उघडं पडतं. त्या बिनकामाच्या खेळण्याला ऱ्योच्या सुडाशी देणंघेणं नाही. ते १९८६ च्या योकोसुकातल्या पोरासोरांसाठी आहे, ऱ्यो फिरकला नसता तरी तिथेच असतं. असं वाटलं, की ते गाव खरं होतं. कवंडळही कुणी आपल्यासाठी लावत नाही, म्हणून तर त्याच्याबरोबर रान घरात येतं.

मोजणी सुरू झाली की जादू उणावते, असं मला वाटतं. ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (२०१७) ९०० कोरोक बिया लपवल्या आहेत. झोळी पुरती वाढवायला ४४१ पुरतात. सगळ्या गोळा केल्या तर बक्षीस म्हणून विष्ठेच्या आकाराची सोनेरी वस्तू मिळते! बनवणाऱ्यांनी हावरट खेळाडूची केलेली ही थट्टाच.

गोव्यात कला आणि संस्कृती संचालनालयाची माटोळी स्पर्धा असते, तिथेही लोक शेकड्यांनी वस्तू बांधतात. फरक एवढाच, की कोरोक बी सापडली की तिची खूण नकाशावर आपोआप उमटते. कवंडळाचा वेल कुठल्या झाडावर चढलाय, हे माटोळीवाल्याला पुढच्या भाद्रपदापर्यंत डोक्यातच ठेवावं लागतं.