जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या ब्रेकची सुधारणा : उष्णता, दाब आणि समतोल

मोटारीच्या वेगाची चर्चा जितक्या उत्साहाने होते, तितक्या आस्थेने तिच्या थांबण्याची होत नाही. वस्तुतः थांबणे म्हणजे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे होय. आणि जुन्या वेगवान मोटारींचे ब्रेक अपुरे पडतात ते बहुधा बळाच्या अभावी नव्हे, तर ही उष्णता त्यांना सोसत नाही म्हणून. ब्रेकच्या सुधारणेचा विचार या दृष्टीने केल्यास अनेक प्रश्नांचा उलगडा होतो.

१९४८ साली पुढे आलेल्या जॅग्वार एक्सके १२० या मोटारीचे उदाहरण घेऊ. ताशी १२० मैल, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर, हा वेग तिच्या नावातच अंतर्भूत होता. परंतु चारही चाकांवर ब्रेक मात्र ड्रमचे होते. माणसांसह तिचे वजन १४०० किलोग्रॅम मानले, तर ताशी ९० किलोमीटर वेगाला तिची गतिज ऊर्जा सुमारे ४३८ किलोज्यूल भरते. वेग दुप्पट, म्हणजे १८० किलोमीटर झाला, की ऊर्जा चौपट होऊन १७५० किलोज्यूलवर जाते. एवढ्या उष्णतेने सुमारे पाच लिटर पाणी २० अंश सेल्सियसपासून उकळीपर्यंत तापेल. जोराने ब्रेक दाबल्यास ही सर्व उष्णता सात-आठ सेकंदांत निर्माण होते आणि तिचा मोठा भाग बिडाच्या ड्रममध्ये साठतो.

ड्रम ब्रेकमध्ये शू आतून बाहेरच्या दिशेने दाबले जातात. तापल्याने ड्रमचा व्यास वाढतो, तो शूपासून दूर सरकतो आणि पेडल अधिक खोल जाते. लायनरचे घर्षणही अतिउष्णतेने घटते. शिवाय फिरणारा ड्रम पुढचा शू स्वतःकडे ओढून घेत असल्यामुळे पायाच्या जोराला जी आयती मदत मिळते, ती घर्षणावरच अवलंबून असते. म्हणून घर्षण थोडे कमी झाले, तरी ब्रेकचे बळ त्याहून पुष्कळ अधिक कमी होते. घाट उतरताना ब्रेक मंदावतात ते या कारणांनी.

डिस्क ब्रेकमध्ये फिरणारी तबकडी वाऱ्यावर उघडी असते आणि दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. तापल्यावर तबकडी जाड होते ती पॅडच्याच दिशेने. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी या कल्पनेचे पेटंट १९०२ मध्ये घेतले होते. तथापि तिचे सामर्थ्य जगाच्या नजरेस भरले ते १९५३ साली, डनलॉप डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वार सी-टाइपने ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. १९५७ च्या एक्सके १५० मध्ये चारही चाकांवर असे ब्रेक आले. जुन्या एक्सके १२० ला तेच बसवावेत, ही इच्छा स्वाभाविकच आहे.

मात्र हा बदल म्हणजे केवळ सुट्या भागांची अदलाबदल नव्हे. डिस्कला ड्रमसारखी आयती मदत नसते. म्हणून द्रवाचा दाब अधिक लागतो. मुख्य सिलिंडरचा व्यास ७/८ इंचावरून ३/४ इंच केल्यास पायाच्या त्याच जोरात दाब सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतो, पण पेडलची चालही त्याच प्रमाणात वाढते. ती परवडत नसल्यास इंजिनच्या निर्वातावर चालणारा सर्व्हो हाच मार्ग उरतो. तसेच ड्रमसाठीच्या मुख्य सिलिंडरमध्ये नळ्यांत थोडा दाब राखणारी झडप असेल, तर डिस्कच्या मार्गातून ती काढावी लागते. अन्यथा पॅड सतत घासत राहून तापतात. मागेही डिस्क घातल्या, तर हातब्रेकची वेगळी सोय करणे क्रमप्राप्त होते.

सर्वांत नाजूक प्रश्न समतोलाचा आहे. ब्रेक लागताच मोटारीचा भार पुढे झुकतो. या मोटारीच्या आसांतील अंतर २५९ सेंटिमीटर आहे. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच मानला आणि वेग गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट दराने कमी होत असला, तर एकूण भाराचा सुमारे १५ टक्के भाग मागून पुढे जातो. उभ्या स्थितीत भार निम्मा-निम्मा असल्यास तो पुढे ६५ आणि मागे ३५ टक्के होतो. अशा वेळी मागचे ब्रेक प्रमाणाबाहेर बलवान असले, तर मागची चाके आधी जखडतात आणि मोटार गर्रकन फिरते. पुढची चाके आधी जखडली, तर सुकाणू निरुपयोगी होते, पण मोटार बहुधा सरळ राहते. मागील ब्रेक अविचाराने वाढवणे म्हणजे सुधारणेच्या नावाखाली धोका विकत घेणे होय.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. थंड ब्रेक चाके जखडू शकत असतील, तर थांबण्याचे किमान अंतर टायरची पकड ठरवते. नव्या डिस्कमुळे एकदा थांबण्याचे अंतर फारसे घटणार नाही. त्यांचा लाभ दिसतो तो दहाव्या वेळी ब्रेक दाबताना.

यास्तव सुधारणेचा आरंभ असलेल्या ब्रेकच्या दुरुस्तीपासून व्हावा. ड्रम गोल आहेत की नाहीत ते पाहावे. फुगणाऱ्या रबरी नळ्या बदलाव्यात. ब्रेकचा ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील ओलावा शोषतो : डॉट ४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओलावा शोषलेल्यासाठी ही मर्यादा १५५ अंशच आहे. द्रव उकळून वाफ झाली, की पेडल पोकळ लागते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने त्यांची धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये. शिवाय अशा मोटारींत चारही चाकांना द्रवाचा एकच मार्ग असतो. एक नळी फुटली तर सर्व ब्रेक जातात. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी मार्ग सक्तीचा झाला, तो याच कारणाने. डिस्क बसवण्याचा खर्च करणाऱ्याने हा बदल आधी करावा, हेच श्रेयस्कर.