सव्वाअकरा लाख परार्ध

परवा रात्री नागपूरच्या मनीषनगरात लाइट गेली. कूलर बंद, झोप उडालेली, म्हणून अंधारात बसून मी घरातल्या बॅटऱ्या मोजल्या. माणसं चार. फोन चार, लॅपटॉप एक, टॅब एक, मनगटावरची घड्याळं दोन, पॉवर बँका दोन, स्पीकर, ट्रिमर, टॉर्च आणि डास मारायची रॅकेट. कानात घालायच्या बड्सच्या दोन जोड्या. त्यांच्यात दोन कानांच्या दोन आणि डबीची एक, अशा प्रत्येकी तीन. एकूण वीस. माणशी पाच! आमच्या लहानपणी घरात दोन सेलची एक टॉर्च असायची, तीही आजोबांच्या उशाशी.

यातली एकच घेऊ, फोनची. तिच्यावर ५००० एमएएच असं छापलेलं असतं आणि तो आकडा दुकानातच वाचून आपण विसरतो. फोन शून्यावरून शंभरावर जातो, तेव्हा लिथियमचे आयन बॅटरीच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकतात. वापरताना तेच परत येतात. एका चार्जिंगमध्ये किती सरकतात, त्याचा हिशेब त्या छापील आकड्यावरून सरळ निघतो. एकावर तेवीस शून्यं, आणि वर थोडे.

या आकड्याला नाव काय द्यायचं? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (सन ११५०) एक, दश, शत करत संख्यांची नावं परार्धापर्यंत जातात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. तिथे यादी संपते. आपल्या फोनमधले प्रवासी भरतात सुमारे सव्वाअकरा लाख परार्ध. देशातली १४० कोटी माणसं सेकंदाला एक या वेगानं, जेवणखाण आणि झोप सोडून मोजायला बसली, तरी पंचवीस लाख वर्षं लागतील. आणि सराफाच्या काट्यावर हे सगळे आयन एकत्र ठेवले, तर वजन भरेल १.३ ग्रॅम. एखाद्या नाजूक नथीएवढं.

मला या सगळ्यात खरं नवल त्या नथीचंच वाटतं. रोज जाणं, रोज येणं, वर्षात तीनशे-चारशे वेळा. प्रत्येक खेपेला थोडे आयन वाटेतच अडकून पडतात, म्हणून जुना फोन दुपारीच मान टाकतो.

वीज मात्र फारशी लागत नाही. पूर्ण भरलेल्या फोनमध्ये साधारण १९ वॉट-तास मावतात. रोज भरला तरी वर्षाला सातच युनिट, चार्जरमधली गळती धरून फार तर नऊ-दहा. आमचा कूलर तेवढी वीज पाच दिवसांत संपवतो. पण सगळ्यांची मोट बांधा. देशात १०० कोटी फोन धरले आणि ते सगळे एकदा भरायचे म्हटले, तर कोराडी वीजकेंद्राचे ६६० मेगावॉटचे तिन्ही संच पूर्ण ताकदीनं जवळजवळ दहा तास चालवावे लागतील.

आता नागपूरचं दुखणं. आयफोन बनवणारी कंपनी सांगते की भोवतालचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं, तर बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते. बाप्पा! आमच्याकडे मे महिन्यात पस्तीस म्हणजे गारवा. २३ मे २०१३ ला शहरात ४७.९ अंश नोंदले गेले. (मे २०२४ मधला ५६ अंशांचा आकडा बिघडलेल्या यंत्राचा होता, तो सोडून द्या.) सावलीत ही गत, तर उन्हात उभ्या स्कूटरच्या डिक्कीत काय होत असेल! मी स्वतः एकदा भाजी घेताना फोन तिथे ठेवला होता. बाहेर काढला तेव्हा धरवत नव्हता.

‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या संकेतस्थळाचा एक तक्ता बॅटरीच्या धंद्यातले लोक नेहमी पुढे करतात. वर्षभर नुसती ठेवलेली लिथियम बॅटरी २५ अंशांत, पूर्ण भरलेली असेल तर सुमारे ८० टक्के क्षमतेची उरते. ४० टक्केच भरलेली असेल तर ९६. चाळीस अंशांत हेच आकडे ६५ आणि ८५ होतात. म्हणजे बॅटरीला ऊन बाधतं, आणि भरल्या पोटी जास्तच बाधतं. रात्रभर उशीखाली शंभर टक्क्यांवर ठेवलेला फोन दोन्ही त्रास एकदम सोसतो.

घटणं वेगळं, पेटणं वेगळं. आतल्या दोन बाजूंमध्ये एक प्लॅस्टिकचा पडदा असतो, मिलिमीटरचा पन्नासावा भाग किंवा त्याहूनही पातळ. केसापेक्षा बारीक. पॉलिथिलीनचा असेल तर १३० अंशांच्या आसपास तो वितळतो. तो फाटला किंवा वितळला, की दोन्ही बाजू थेट भिडतात आणि मग उष्णता स्वतःच स्वतःला वाढवत जाते. अशाच पेटण्यामुळे २०१६ मध्ये सॅमसंगला नोट ७ चे सुमारे तीस लाख फोन परत बोलवावे लागले. एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपरा दबलेला होता, दुसऱ्याच्या बॅटरीत जोडकामाची टोकं वर आलेली होती. दोष हुडकायला कंपनीनं दोन लाख फोन आणि तीस हजार सुट्या बॅटऱ्या तपासल्या. दोष दिसायला तुसाएवढा!

म्हणूनच विमानतळावर पॉवर बँक सामानात टाकू देत नाहीत, हातातल्या पिशवीतच ठेवायला लावतात; धूर निघाला तर निदान कुणाला दिसेल. शंभर वॉट-तासांपर्यंत मुभा असते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ भरते, ३०,००० ची १११, तिला परवानगी लागते.

एकदा तुमच्याही घरातल्या बॅटऱ्या मोजा, राजेहो. एखादी फुगलेली सापडली तर दाबून पाहू नका, टोचू नका, पुन्हा चार्जिंगला लावू नका. आणि सकाळच्या कचरागाडीत तर मुळीच टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती घरच्या कचऱ्यातून वेगळी काढणं आपलं काम आहे. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. तोवर जळणाऱ्या वस्तूंपासून लांब, सावलीत ठेवा.