जुन्या पेटीतील टपाल तिकिटे : ओळख आणि मोल

मालवण, वेंगुर्ले परिसरातील जुन्या घरांच्या माळ्यावर लाकडी पेट्या असतात. मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांनी धाडलेली पत्रे त्यांत जपलेली आढळतात. घर मोडताना हा ठेवा रद्दीत जातो, अथवा पाकिटावरील तिकिटे तेवढी कापून घेतली जातात. दोन्ही प्रकारांत नुकसानच होते.

तिकिटाचा काळ प्रथम त्यावरील मुद्रेवरून ओळखावा. अखिल भारतीय तिकिटे १८५४ मध्ये निघाली. त्यांवर व्हिक्टोरिया राणीचे मस्तक असून कडेला दाते नाहीत. सातवा एडवर्ड १९०२ पासून, पाचवा जॉर्ज १९११ पासून व सहावा जॉर्ज १९३७ पासून दिसतो. राणीच्या काळातील त्यानंतरच्या तिकिटांवर 'ईस्ट इंडिया पोस्टेज' व १८८२ पासून 'इंडिया पोस्टेज' ही अक्षरे येतात. तिकीट काळ्या पृष्ठभागावर पालथे ठेवल्यास कागदातील जलचिन्ह दिसू शकते : १८६५ पासून हत्तीचे मस्तक, १८८२ पासून तारा. गोवा शेजारीच असल्याने रेइस वा टांगा या चलनांतील पोर्तुगीज तिकिटेही हाती लागू शकतात. ती १८७१ पासून निघाली. दस्तऐवजांवरील कोर्ट फीचे मुद्रांक मात्र टपाल तिकिटे नव्हेत.

जुने म्हणजे मौल्यवान, हा समज चुकीचा आहे. राणीचे अर्ध्या आण्याचे तिकीट अमाप छापले गेले. ते आजही सहज मिळते. याउलट १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटावर मस्तक उलटे छापले गेल्याचे मोजकेच नमुने ज्ञात आहेत. मोल ठरते ते दुर्मिळता, मागणी व स्थिती यांवर. दाते तुटलेले, पातळ झालेले वा तांबूस डाग पडलेले तिकीट बरेच उतरते. सूचीतील किंमत हा केवळ अंदाज असतो. व्यापारी त्याहून पुष्कळ कमी देतो.

तिकिटापेक्षा कित्येकदा पाकीटच महत्त्वाचे ठरते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. त्यापूर्वी हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. म्हणून लहान गावाच्या टपाल कचेरीचा स्पष्ट, तारीखवार शिक्का हा स्थानिक इतिहासाचा पुरावाच होय. तिकीट सोडवले की तो पुरावा दुभंगतो.

कोकणातील दमट हवेत डिंक ओलावतो व तिकिटे एकमेकांस चिकटतात. ती पावसाळ्यापूर्वी कोरड्या जागी, सुटी ठेवावीत. चिकटपट्टी कदापि लावू नये. विकण्याची घाई असल्यास निदान दोन जाणकारांचे मत घ्यावे. आणि पत्रे आधी वाचावीत; त्यांतील मजकुराचे मोल कोणत्याच सूचीत सापडणार नाही.