सैरीची बोट घ्यायची, पण कोणत्या तळाची?



नुसत्या जाळ्यावर घर चालत नाही, म्हणून जोडधंद्याला एक मोटारबोट घ्यावी असं मागच्या सभेत ठरलं. दोन बोटींचे भाव आले. दोन्ही फायबरच्या, लांबीही जवळपास सारखी. एकीचा तळ सपाट, दुसरीचा व्ही आकाराचा. सपाटवाली स्वस्त. कागदावर बघून निर्णय नको म्हणून आम्ही दोन्ही पाण्यात उतरवून पाहिल्या.

सकाळी पाणी शांत होतं. सपाट बोटीत पाय ठेवला तरी ती फारशी हलली नाही. म्हातारं माणूस, लेकरू बिनधास्त चढेल. तिला पाणी कमी लागतं, मोटारही लहान चालते, म्हणजे पेट्रोलची बचत. व्ही तळाची बोट मात्र पाय ठेवताच एका अंगाला कलली. आमच्यातलेच दोघं म्हणाले, "ही नको."

दुपारी वारा सुटला आणि मत फिरलं. सपाट तळ लाटेवर थाडथाड आपटू लागला, पुढे बसलेले भिजले. वळताना बोट वाऱ्यासोबत बाजूला घसरत होती. व्ही तळ लाट कापत सरळ गेला.

मग वजन घालून पाहिलं. एका माणसाचे 75 किलो धरले, 12 माणसांचे 900 किलो. तेवढी वाळूची पोती भरली आणि हळूहळू एका बाजूला सरकवली. दोन्ही बोटी तरल्या, पण सपाट बोटीची कड पाण्यापासून चार बोटंच वर राहिली.

इथे एक गोष्ट समजून घ्या. सपाट तळ सुरुवातीला घट्ट वाटतो, पण ठरावीक कलापुढे गेला की सावरायला वेळ देत नाही. व्ही तळ आधीच डुलून सांगतो, "बाबांनो, बसून घ्या," आणि जसा कलेल तसा आधार धरतो. तोही कड पाण्याच्या वर आहे तोवरच. पाणी आत आलं की ते खालच्या बाजूला धावतं आणि बोटीला आणखी कलंडवतं. मग तळ कोणताही असो.

सपाट बोटीची खरी भीती वेगळीच आहे. तिच्यात जागा मोकळी दिसते. रविवारी गर्दी असली, की "अजून चार घ्या" म्हणायला कितीसा वेळ लागतो? आपल्या वडोदऱ्याला हे सांगायची गरज नाही. 18 जानेवारी 2024 ला हरणी तलावात सहलीची बोट उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेक मुलांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हतं. त्याआधी 1993 मध्ये सुरसागरातही बोट उलटून माणसं गेली होती. दोन्ही ठिकाणी पाणी तलावाचंच होतं, समुद्राचं नव्हे.

म्हणून कमिटीचं मत व्ही तळाच्या बोटीला आहे. तोटाही सांगून टाकतो. ती महाग आहे, पेट्रोल जास्त खाईल, आणि उन्हाळ्यात कडेचं पाणी आटलं की तिच्यासाठी धक्का पुढे न्यावा लागेल. वर्षभर फिरायला उथळ, बिनवाऱ्याचं तळं असतं, तर आम्हीही सपाटच म्हटली असती.

बोट कोणतीही घ्या, चार गोष्टी पक्क्या: बाक फक्त 12 जणांचे आणि ठोकून बसवलेले, आकडा बोटीच्या बाहेर मोठ्या अक्षरांत, जॅकेट बांधल्याशिवाय दोर सोडायचा नाही, आणि तेराव्याला नाही म्हणायचा अधिकार तांडेलाचा. तिथे चेअरमनचीही शिफारस चालणार नाही. 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे तपासणी, नोंदणी आणि विमा झाल्याशिवाय पहिली फेरी नाही.

येत्या सभेत मतदान आहे. स्वस्त बोट हवी असं वाटणाऱ्यांनीही जरूर या आणि उघड बोला. पण मत देताना आपलंच लेकरू त्या बाकावर बसलंय असं समजून द्या.

आपले,
सचिव व कार्यकारिणी