स्थिर आकाराचा भार कोणावर?

विजेचे बिल हाती आले की सामान्य ग्राहकाचे लक्ष प्रथम जाते ते एकूण रकमेकडे आणि मग युनिटांच्या संख्येकडे. ‘स्थिर आकार’ या नावाची जी एक ओळ बिलात असते, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही; कारण तिच्याबाबतीत त्याला काही करता येण्यासारखे नसते. दिवे लवकर मालवले, पंखा बंद ठेवला, इस्त्री माळ्यावर टाकली, तरी त्या ओळीतला आकडा हलत नाही. तुटपुंज्या उत्पन्नात संसार चालविणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र बिलातील सर्वांत विचार करण्याजोगी ओळ हीच आहे.

या आकारामागे तर्क नाही असे मुळीच नव्हे. जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८९२ साली वीजपुरवठ्याच्या खर्चाचे दोन भाग दाखवून दिले. ग्राहक बटण दाबील त्या क्षणी वीज मिळावी म्हणून यंत्रे आणि तारा सज्ज ठेवण्याचा खर्च हा एक, आणि प्रत्यक्ष वीज निर्माण करण्याचा खर्च हा दुसरा. तेव्हा दरही दोन भागांचा असावा, हे ओघानेच आले. भारतात २००३ च्या वीज कायद्याच्या ४५ व्या कलमानेही अशा स्थिर आकाराला मान्यता दिली आहे. खांब, रोहित्रे, उपकेंद्रे, कर्मचाऱ्यांचे पगार हे खर्च कोणाच्या घरचा दिवा लागतो की नाही यावर अवलंबून नसतात. इतकेच काय, ज्या निर्मिती केंद्रांशी दीर्घ मुदतीचे करार झालेले असतात त्यांना वीज उचलली नाही तरी क्षमतेपोटी ठरावीक रक्कम द्यावीच लागते. अशा बांधीव देण्याचा फास कसा बसतो, हे एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाने महाराष्ट्राला शिकविले. त्यासाठी मोजलेली शिकवणीची फी थोडीथोडकी नव्हती!

पण हॉपकिन्सनच्या मांडणीचा एक अर्धा भाग सोयीस्करपणे विस्मरणात गेला आहे. त्याच्या मते स्थिर आकार हा ग्राहकाच्या कमाल मागणीच्या प्रमाणात हवा होता. ज्याच्यासाठी मोठी यंत्रणा सज्ज ठेवावी लागते, त्याने अधिक द्यावे. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात मात्र सिंगल फेज जोडणीला सरसकट एकच स्थिर आकार लावला जातो. दोन दिवे आणि एक पंखा असलेली खोली आणि वातानुकूलन यंत्र, गिझर, धुलाईयंत्र असलेला सदनिकाधारक हे या ओळीपुरते समान ठरतात.

हा आकार आता दरमहा शंभर रुपयांच्या पुढे गेला आहे. हिशेबाच्या सोयीसाठी तो १२० रुपये धरू. महिन्याला ४० युनिटे वापरणाऱ्या कुटुंबावर त्याचा बोजा युनिटमागे ३ रुपये पडतो. ४०० युनिटे वापरणाऱ्यावर अवघा ३० पैसे. शिवाय घरगुती बिलावरील १६ टक्के वीज शुल्क या रकमेवरही आकारले जाते. म्हणजे आणखी १९ रुपये २० पैसे. एकही दिवा लागण्यापूर्वी १३९ रुपये २० पैशांचे देणे उभे राहिलेले असते. काटकसर करणाऱ्याला बक्षीस मिळावे अशी टप्प्याटप्प्याने चढणाऱ्या दरांची कल्पना. पण जो मुळातच कमी वापरतो, त्याला या ओळीने उलट्या चढणीचा दर लागू होतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुराचे उदाहरण घ्यावे. दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून तो कारखान्याच्या वाटेला लागतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. सहा महिन्यांत मीटरचा काटा जागचा हलला नाही, तरी वरील हिशेबाने ८३५ रुपयांचे बिल दाराशी वाट पाहत असते. ते थकले तर नोटिशीचे पंधरा दिवस, मग खंडित पुरवठा, मग पुनर्जोडणीचा खर्च.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी निराळा, सवलतीचा वर्ग आहे, हे खरे. परंतु त्याची मर्यादा महिन्याला ३० युनिटे. ७५ वॉटचा पंखा दिवसाला १४ तास फिरला की एक युनिट होते. विदर्भातल्या उन्हाळ्यात एकटा पंखाच ही मर्यादा संपवून टाकतो. शिवाय ज्यांच्याकडे पिवळे कार्ड नाही पण पगारही पुरत नाही, अशा शिपाई, कंत्राटी शिक्षक, दुकानातील नोकर यांची दखल हा वर्ग घेतच नाही. एकाच मीटरवर तीन भाडेकरू असले तर स्थिर आकार वाटला जातो खरा. पण तिघांचा वापर एकत्र मोजला जाऊन ते १०० युनिटांचा स्वस्त टप्पा ओलांडतात आणि एका हाताने वाचलेले दुसऱ्या हाताने जाते.

आता या प्रश्नाला नवे वळण लागत आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत छतावरील ३ किलोवॅटच्या सौर संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. योजना स्वागतार्हच आहे. तथापि तिचा लाभ घ्यायला स्वतःचे छत लागते, आणि उरलेली रक्कम उभी करण्याची ऐपतही. अशा घरांची जाळ्यातील विजेची खरेदी घटते, पण रात्री आणि पावसाळ्यात त्यांना तेच जाळे लागते. मग तारांचा खर्च कोणाकडून काढावयाचा? वीज कंपन्यांना सुचणारे सोपे उत्तर म्हणजे स्थिर आकार वाढविणे. तो सरसकट वाढला, तर सौरधारकाकडून वसूल करावयाची रक्कम चाळीतल्या बिनछताच्या भाडेकरूकडूनही वसूल होईल.

यावर तोडगा नाही असे नाही, आणि तो फार दूरही शोधावा लागत नाही. मुंबईतील वीज कंपन्यांच्या दरपत्रकांत घरगुती स्थिर आकार वापराच्या टप्प्यांनुसार चढत गेलेला आढळतो. जे मुंबईत व्यवहार्य ठरले ते लातूरमध्ये अव्यवहार्य का ठरावे? मंजूर भारानुसार आकारणी केली, तर ती हॉपकिन्सनच्या मूळ सूत्राच्याही अधिक जवळ जाईल. त्यातून येणारी तूट वरच्या टप्प्यांकडून भरून काढावी; आणि ते नको असेल तर शासनाने अंदाजपत्रकात उघड तरतूद करावी, म्हणजे सवलतीची किंमत विधिमंडळात तरी मोजली जाईल. निदान या ओळीवरील वीज शुल्क पहिल्या १०० युनिटांच्या आत राहणाऱ्यांना माफ करण्यास कोणत्याही कंपनीचा ताळेबंद आडवा येत नाही. तो सर्वस्वी राज्य शासनाच्या अखत्यारीतला विषय आहे.

दरवाढीच्या प्रस्तावांवर महाराष्ट्र वीज नियामक आयोग हरकती मागवितो, जाहीर सुनावण्या घेतो. तेथे उद्योगांचे प्रतिनिधी आकड्यांनिशी येतात, यंत्रमागधारक येतात, ग्राहक संघटनाही येतात. ४० युनिटे वापरणारा मात्र त्या दिवशी कामावर गेलेला असतो. सुनावणीसाठी खाडा करणे त्याला परवडत नाही.