नाटकमंडळीचा थंडींतील प्रवास

सांगलीकर चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८५१ सालीं निवर्तले आणि विष्णुदास भाव्यांच्या मंडळीचा राजाश्रय तुटला. पुढें पोटासाठीं परमुलुख पाहणें प्राप्त झालें. पावसाळ्यांत कृष्णा दुथडी भरे, वाटा चिखलानें बुजत. तेव्हां दौऱ्यास थंडीचेच दिवस सोयीचे. मार्च १८५३ मध्यें मंडळीनें मुंबईस ग्रांटरोडच्या नाट्यगृहांत खेळ केला. त्यावरून ती ऐन थंडींतच घाट उतरली असावी, असें आम्हांस वाटतें. बोरघाटांतील आगगाडी १८६३ सालची; म्हणजे मुखवटे, पोषाख, मृदंग, स्वयंपाकाचीं भांडीं, सारा भार बैलगाड्यांवर! किर्लोस्कर मंडळीच्या काळीं (१८८०) आगगाडीनें ही दगदग पुष्कळ कमी केली. परंतु बिऱ्हाड, आचारी व भाडें यांचा खर्च तिकिटांच्या उत्पन्नांतूनच भागवावा लागे. एका गांवचा खेळ पडला कीं पुढच्या मुक्कामाची पंचाईत.